पाणी येत नाही म्हणजे विहीर आटली का?
(एका बिघडलेल्या संगणकाची तपासकथा)

आपल्या धाराशिव जिल्ह्यात पाण्याची किंमत कुणाला सांगावी लागत नाही. समजा, उन्हाळ्यात एके सकाळी शेतावरच्या नळीला पाणी आले नाही. तुम्ही काय कराल? “विहीर आटली” असे म्हणून लगेच नवी विहीर खणायला घ्याल? नाही. शहाणा शेतकरी आधी विहिरीत डोकावतो. पाणी असेल तर फुटव्हॉल्व्ह बघतो, पाइप कुठे फुटला आहे का ते बघतो, मग मोटर, मग स्टार्टर, मग वीज. नळी कोरडी असणे ही एक खूण झाली. त्या एका खुणेमागे पाच-सहा निरनिराळी कारणे असू शकतात.

संगणकाच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण चटकन विसरतो. पडद्यावर ‘डिस्क वाचता येत नाही’ अशी सूचना आली, की “हार्डडिस्क गेली” असा निकाल देऊन मोकळे होतो. आमच्या शाळेत काही वर्षांपूर्वी असाच निकाल लागला होता. तो आम्ही मान्य केला असता तर काय गमावले असते, हे आधी सांगतो.

त्या डिस्कवर काय होते?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावे उद्ध्वस्त झाली. हजारो माणसे झोपेतच दगावली. जाड दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद अशी घरे भूकंपाच्या हादऱ्यात टिकली नाहीत.

आमची शाळा त्याच भागातली. नववीच्या मुलांनी एका वर्षी प्रकल्प हाती घेतला. गावोगावच्या वृद्ध माणसांकडे जाऊन त्या पहाटेच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या, घर कसे होते, कुठली भिंत आधी पडली, कोण कसे वाचले, हे सगळे नोंदवायचे. वर्षभरात चाळीसएक मुलाखती जमल्या. त्या प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर ठेवल्या होत्या आणि, आता कबूल करायला लाज वाटते, फक्त तिथेच ठेवल्या होत्या. त्यांतल्या दोन आजी त्यानंतर वारल्या होत्या. म्हणजे ती मुलाखत पुन्हा घेणे आता कुणाच्याही हातात नव्हते.

आणि तो संगणक अडखळू लागला. मुलाखत ऐकता ऐकता आवाज थांबे. पडदा गोठल्यासारखा होई. अर्ध्या मिनिटाने गाडी पुन्हा सुरू होई. पुढे पुढे ‘फाइल वाचता आली नाही’ अशा सूचना येऊ लागल्या. तालुक्याच्या गावातून एक दुरुस्तीवाले आले. त्यांनी पाच मिनिटे पाहिले आणि सांगितले, “डिस्क गेली. नवी टाका, नाहीतर फॉरमॅट मारून बघतो.”

तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, पण विहिरीत कुणी डोकावलंय का?”

तिच्या त्या प्रश्नामुळेच हा लेख लिहिला जात आहे.

विहिरीपासून नळीपर्यंत

आधी डिस्कपासून पडद्यापर्यंतचा मार्ग समजून घेऊ या.

हार्डडिस्कच्या बंद डबीत चकचकीत तबकड्या असतात. त्यांवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. या थरातील सूक्ष्म भागांचे चुंबकत्व एका दिशेला किंवा विरुद्ध दिशेला वळवून शून्य आणि एक या खुणा लिहिल्या जातात. या प्रकारची पहिली डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि एवढ्या धुडात मावत होती फक्त ५० लाख अक्षरे.

आमच्या शाळेतल्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेत होती, म्हणजे सेकंदाला १२०. साडेतीन इंची डिस्कमधील तबकडीचा व्यास साधारण ९५ मिलिमीटर असतो. परीघ काढा आणि १२० ने गुणा. कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १२९ किलोमीटर येतो! या धावत्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर अंतरावर वाचणारे शीर्ष तरंगत असते. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. तबकडीवरची माहिती छोट्या कप्प्यांत विभागलेली असते. त्यांना ‘सेक्टर’ म्हणतात. ५१२ बाइटचा एक सेक्टर धरला, तर एक टेराबाइटच्या डिस्कवर सुमारे १९५ कोटी सेक्टर होतात.

ही झाली विहीर. डिस्कपासून निघणारी डेटा केबल म्हणजे पाइप. केबलचे दुसरे टोक मुख्य पट्टावर, म्हणजे मदरबोर्डवर असते. तिथल्या एका चिपमध्ये ‘स्टोरेज कंट्रोलर’ बसलेला असतो. तो म्हणजे आपली मोटर. डिस्कला आज्ञा पाठवणे आणि आलेली माहिती संगणकाच्या स्मृतीत नेऊन ठेवणे, हे त्याचे काम.

पण मोटर आपण होऊन चालू होत नाही. ती कधी चालवायची, कधी थांबवायची हे ठरवणारा माणूस लागतो. संगणकात हे काम करणारी आज्ञावली म्हणजे ‘ड्रायव्हर’. विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीला कंट्रोलरची भाषा थेट बोलता येत नाही. “अमुक फाइलचा अमुक भाग आण” एवढेच ती सांगते. ड्रायव्हर त्याची कंट्रोलरला समजेल अशी आज्ञा बनवतो, स्मृतीत एका ठरलेल्या यादीत मांडतो आणि कंट्रोलरला खूण करतो. सध्याच्या ‘एएचसीआय’ पद्धतीत एका जोडणीवर अशा ३२ आज्ञा एकाच वेळी रांगेत राहू शकतात. काम झाले की कंट्रोलर उलट खूण करतो आणि ड्रायव्हर कार्यप्रणालीला “घे, आणले” असे कळवतो.

ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही तर? ड्रायव्हर काही सेकंद वाट पाहतो. मग जोडणी झटकून नव्याने सुरू करतो आणि तीच आज्ञा पुन्हा देतो. आमच्या संगणकाचा पडदा जो अर्धा मिनिट गोठत होता, तो या वाट पाहण्यामुळे.

म्हणजे उत्तर न येण्याची कारणे किती झाली बघा: डिस्क, केबल, वीजपुरवठा, कंट्रोलर आणि ड्रायव्हर. यांपैकी दोषी कोण?

दोन चुका

आमच्या हातून दोन चुका घडल्या. एक घडता घडता राहिली, एक घडलीच.

पहिली अशी. विंडोजमध्ये डिस्क तपासून दुरुस्त करणारी ‘चेकडिस्क’ नावाची सोय आहे. ती मी सुरू करणारच होतो. पण विचार करा, जर वाटेतच काही गडबड असेल, तर चुकीच्या वाचनावरून केलेली ‘दुरुस्ती’ चांगल्या माहितीवरच लिहिली जाईल. डोळ्यांवर चुकीचा चष्मा लावून वहीतली खाडाखोड करण्यासारखे ते झाले असते. म्हणून पहिला नियम: कारण कळेपर्यंत संशयित डिस्कवर काहीही लिहू नये.

दुसरी चूक माझ्या उतावीळपणाची. संगणक सुरू होताना दिसणाऱ्या बायोसच्या पडद्यात कंट्रोलरची कामाची पद्धत बदलण्याची सोय असते. मी ती बदलून पाहिली. संगणक सुरूच होईना! निळा पडदा आला आणि त्यावर ‘ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे तीच हाती लागत नाही’ अशा अर्थाचा संदेश. कारण मजेशीर आहे. डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो आणि ड्रायव्हर तर डिस्कवरच ठेवलेला! कपाटाची किल्ली कपाटातच राहावी तसे. म्हणून सुरुवातीला बायोसच्या मदतीने नेमका एक ड्रायव्हर उचलून आणला जातो. मी पद्धत बदलल्यामुळे आणलेली किल्ली या कुलपाची उरली नाही. जुनी पद्धत परत लावताच संगणक सुरू झाला. दुसरा नियम मी त्या दिवशी शिकलो: बदल करण्याआधी मूळ स्थिती कागदावर लिहून ठेवावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

तपास

यानंतर मात्र आम्ही फळ्यावर तक्ता आखला आणि प्रयोगवही उघडली.

*प्रयोग १.* संगणक बंद केला, वीज काढली, डिस्क बाहेर काढली आणि शेजारच्या संगणकाला जादा डिस्क म्हणून जोडली. सगळ्या मुलाखती तिथून दुसरीकडे उतरवून घेतल्या. एकही फाइल अडली नाही! वर्गात टाळ्या पडल्या. आमची मुख्य काळजी तिथेच मिटली. पण तपास संपला नव्हता.

*प्रयोग २.* आधुनिक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवते. तिला ‘स्मार्ट’ नोंद म्हणतात. तिच्यातील तीन ओळी महत्त्वाच्या. क्रमांक ५: खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर किती. क्रमांक १९७: वाचता न आल्याने संशयित म्हणून बाजूला ठेवलेले सेक्टर किती. क्रमांक १९९: केबलमधून येता-जाता माहितीत झालेल्या चुका किती. आमच्या डिस्कच्या तिन्ही ओळींत शून्य होते. विहिरीत पाणी होते, आणि पाइपही गळत असल्याची खूण नव्हती.

*प्रयोग ३.* मूळ डिस्कची हुबेहूब प्रत एका जुन्या रिकाम्या डिस्कवर काढली. मूळ डिस्क कपाटात ठेवली आणि ती प्रत आजारी संगणकात बसवली. पुन्हा तेच अडखळणे! डिस्क बदलली तरी आजार तसाच, म्हणजे आजार डिस्कचा एकटीचा नव्हता. पुढचे सगळे प्रयोग आम्ही या प्रतीवरच केले.

*प्रयोग ४.* केबल बदलली. फरक नाही. मदरबोर्डवर दुसऱ्या खोबणीत जोडून पाहिले. फरक नाही. वीजपुरवठ्याची पेटी शेजारच्या संगणकातून आणून लावली. फरक नाही. आपल्याकडे विजेचा दाब खालीवर होतो, त्यामुळे मला या पेटीचाच संशय होता. पण संशय हा पुरावा नसतो.

आता उरले दोघेच, कंट्रोलर आणि ड्रायव्हर. कंट्रोलर मदरबोर्डमध्येच बसवलेला. तो काढून कसा बदलणार? तेव्हा आम्ही उलट वाटेने गेलो.

*प्रयोग ५.* पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले. डिस्क तीच, केबल तीच, कंट्रोलर तोच. बदलला फक्त ड्रायव्हर, कारण लिनक्स स्वतःचा ड्रायव्हर वापरते. मोठमोठ्या फाइली तासभर वाचत ठेवल्या. एकदाही अडखळ नाही! मोटर ठीक होती. चालवणारा बदलताच पाणी धो धो आले.

वहीतली तारीख

विंडोजमध्ये घडामोडींची एक रोजनिशी आपोआप लिहिली जाते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडले की ती दिसते. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. डिस्कवर खराब जागा सापडली तर ७, ड्रायव्हरला कंट्रोलरकडून चूक आढळली तर ११, उत्तर न आल्याने जोडणी झटकावी लागली तर १२९, आज्ञा पुन्हा द्यावी लागली तर १५३. आमच्या रोजनिशीत १२९ च्या नोंदींची रांग लागली होती. क्रमांक ७ ची नोंद एकही नव्हती! दुरुस्तीवाल्यांनी ही रोजनिशी उघडली असती, तर “डिस्क गेली” हे वाक्य त्यांच्या तोंडी आले नसते.

मुलांनी मागे मागे जात पहिली १२९ ची नोंद शोधली. त्याच दिवशी, काही तास आधी, त्या संगणकावर कंट्रोलरचा नवा ड्रायव्हर बसला होता. इंटरनेटला जोडलेला तो एकच संगणक होता, म्हणून बाकीचे वाचले होते.

“सापडला चोर!” असे ओरडायची वेळ आली होती. पण थांबा. दोन गोष्टी एका दिवशी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरते का? कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, ही म्हण उगीच नाही. म्हणून शेवटचा प्रयोग.

*प्रयोग ६.* ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये जाऊन ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर नेला. अडखळणे थांबले. दोन दिवस संगणक चालवला, १२९ ची नोंद नाही. मग मुद्दाम नवा ड्रायव्हर पुन्हा बसवला. आजार परत आला! पुन्हा जुना बसवला. आजार गेला. दोष घालवता आला, आणि हवा तेव्हा परत आणताही आला. तेव्हाच आम्ही कारण सापडले असे म्हटले.

एका मुलाने आणखी एक गोष्ट करून पाहिली. नवा ड्रायव्हर तसाच ठेवून, विजेची बचत करण्यासाठी डिस्कची जोडणी मधूनमधून झोपवण्याची जी सोय असते, ती बंद केली. तेव्हाही अडखळणे थांबले. त्यावरून उलगडा झाला. नवा ड्रायव्हर जोडणीला झोपवत होता आणि आमच्या जुन्या डिस्क तिच्यातून वेळेवर जाग्या होत नव्हत्या. म्हणजे खरे पाहता दोष एकट्या ड्रायव्हरचाही नव्हता. नवा चालक आणि जुनी यंत्रे यांचे जमत नव्हते, इतकेच.

मोटर खरोखर बिघडली तर?

प्रत्येक वेळी उत्तर ‘ड्रायव्हर’ असेल असे समजू नका. कधी दोष खरोखर कंट्रोलरमध्येच असतो. १९९५ च्या सुमारास सीएमडी-६४० आणि आरझेड-१००० या कंट्रोलर चिपांमध्ये दोष आढळला. काही परिस्थितीत त्या माहिती गुपचूप बिघडवत. चूक झाल्याची सूचनाही येत नसे! मग कार्यप्रणालींच्या ड्रायव्हरमध्ये अशी तजवीज करण्यात आली, की त्या अडचणीच्या वाटेने जायचेच नाही. यंत्रातली उणीव ड्रायव्हरने सांभाळून घेतली.

३१ जानेवारी २०११ रोजी इंटेल कंपनीने जाहीर केलेली गोष्ट याच्या उलट होती. तिच्या नव्या ६-मालिकेतील चिपमध्ये डिस्क जोडण्याच्या काही खोबण्या काळाबरोबर दुबळ्या होत जाण्याचा संभव होता. क्रमांक ० आणि १ च्या वेगवान खोबण्या ठीक होत्या, बाकीच्या चारांना धोका होता. दोष विद्युतमंडलातच असल्याने ड्रायव्हर बदलून तो जाणारा नव्हता. कंपनीला चिप सुधारून पुन्हा बनवाव्या लागल्या आणि दुरुस्ती व बदलीसाठी सुमारे ७० कोटी डॉलर खर्च येईल असा अंदाज तिने दिला. अशा चिपवर आमचा प्रयोग ५ केला असता, तर लिनक्सनेही अडखळायला सुरुवात केली असती. आणि प्रयोग ४ मध्ये खोबणी बदलताच फरक दिसला असता. एकाच तक्त्यातून दोन निरनिराळे निदान कसे निघते, ते पाहा.

तुम्ही करून पाहा

१. शिक्षकांच्या परवानगीने शाळेतील संगणकाच्या घडामोडींची रोजनिशी उघडा. ७, ११, १२९, १५३ यांपैकी कोणत्या नोंदी आहेत ते वहीत तारखेसह लिहा.

२. तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला किती वेळ लागेल? हवा तो सेक्टर शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा लागतो. तो वेळ काढा.

३. घरातील एखादी न चालणारी वस्तू घ्या, उदाहरणार्थ सायकलचा दिवा किंवा विजेरी. संभाव्य कारणांची यादी करा. एका वेळी एकच गोष्ट बदलून दोषी शोधा. विजेवर थेट चालणाऱ्या वस्तूला मात्र मोठ्यांशिवाय हात लावू नका.

आमच्या मुलाखती आता तीन ठिकाणी आहेत: शाळेत, एका शिक्षकाच्या घरी आणि गावाबाहेर एका ठिकाणी. त्यांतील एक आजी सांगतात, की त्या पहाटे त्यांचे माळवद खाली आले आणि तुळईच्या आडोशाला त्या वाचल्या. मग त्या क्षणभर थांबतात.

बिघाड असताना नेमके तिथेच आमचे मुद्रण अडे आणि आम्हाला वाटे, संगणक पुन्हा गोठला. डिस्क दुसरीकडे नेऊन मुलाखत पुरी ऐकली तेव्हा कळले, की तो थांबा यंत्राचा नव्हता, आजींचाच होता. तेवढा वेळ गप्प राहून त्या पुढे बोलायला लागतात.